शुक्रवारची परीक्षा बुधवारी आली

साहेबानं विचारलं मला होतं. माझ्याकडं बघून, "बाई, तुम्हाला लिहिता-वाचता येतं का?" असं नीट, आदरानं विचारलं होतं आणि उत्तर तुम्ही, माझ्या बापानं, दिलंत. बांधावर उभं राहून तंबाखू मळता मळता, मान वर न करता म्हणालात, "तिला कुठलं येतंय लिहाय? अंगठा हाय तिचा." माझ्या काखेत तेव्हा वही होती, दादा. माझ्याच हातानं भरलेली. हे आधी लिहून टाकते, बाकीचं मागून. कसे आहात वगैरे विचारत नाही. तुम्हाला जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाली, आणि तुम्ही होता तेव्हा तरी मला कुणी कशी आहेस म्हणून विचारलं होतं?

आज मंगळवार आहे. दुपारची जेवणं झालीत. सून शेजारणीकडं ब्लाऊज द्यायला गेलीय, लेक दुकानावर आहे. लेक म्हणजे तोच, ज्याला कडेवर घेऊन नवरा मेल्यावर मी तुमच्या दारात येऊन उभी राहिले होते. आता त्याचं बदनापुरात खताचं दुकान आहे, पोट सुटलंय आणि बोलणं तुमच्यासारखं झालंय, म्हणजे कमी आणि वरून. त्याची थोरली मुलगी आतल्या खोलीत येरझाऱ्या घालत पाठ करून राहिलीय. तिचे एका बाजूनं छापलेले, कामातून गेलेले कागद खाटेखाली पडलेले असतात. त्यांच्या पाठीवर मी हे लिहितेय. तिला वाटत असेल, म्हातारी किराण्याची यादी करतेय.

तिची परीक्षा आहे. शाळेची नाही, कॉलेजची नाही, कॉलेज होऊन बसलंय. ही कॉम्प्युटरची, सर्टिफिकेटची. कॉम्प्युटर तुम्ही पाहिला नाही, मीही दोनदाच आणि लांबून पाहिलाय, पण त्यानं काही अडत नाही. परीक्षेचं नाव तिच्या तोंडून ऐकून ऐकून मला पाठ झालंय, डिस्ट्रिब्युटेड ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट. त्याचा अर्थ तिनं सांगितला तो असा, की काम एकच, पण ते करणारे कॉम्प्युटर वेगवेगळ्या गावी. एक पुण्यात, एक मुंबईत, एक आणखी कुठं. एकाला दुसरा दिसत नाही. मधी फक्त निरोप जातात आणि येतात. आणि गिऱ्हाइकाला मात्र वाटलं पाहिजे, की सगळं एकाच जागी, एकाच हातानं झालं. असलं काम नीट बांधता येतं का, ते बघणारी ही परीक्षा. ज्याला जमलं त्याला कंपन्या बोलावून नेतात. मागं एकदा ती बसली आणि नापास झाली. तेव्हा तिचा बाप जेवता जेवता म्हणाला, "अजून एक बारी देतो तुला. त्याच्यात न्हाई झालं तर वडीगोद्रीच्या पाव्हण्यांना हो म्हणायचं. मंग मला काही सांगायचं न्हाई." पोरीनं मान हलवली. वडीगोद्रीला हायवेवर त्या लोकांचं टायरचं दुकान आहे. पोरगा वाईट नाही, नाकीडोळी बरा आहे. पण तिथं जाऊन ही निरोप कुणाला धाडणार, टायरला?

परीक्षेला काय काय यायला पाहिजे त्याची यादी तिनं भिंतीवर चिकटवलीय. एक गोष्ट पक्की झाली की तिच्यावर पेन्सिलीची रेघ. तिची रीत अशी, की आधी पुस्तकातून वाचायचं आणि मग माझ्या खाटेपुढं मांडी घालून मला मराठीत सांगायचं. "आज्जी, तुला कळलं तर मला आलं." मी म्हटलं, "म्हंजे बदनापुरातली सगळ्यात ढ बाई हुडकून काढलीस व्हय?" तर म्हणते, "ढ न्हाई गं, तू खोड्या काढतीस. पुस्तक खोड्या काढत न्हाई." एक दिवस तिनं विचारलं, "समज, ह्या कॉम्प्युटरनं त्या कॉम्प्युटरला निरोप धाडला, की अमुक काम कर. उत्तरच आलं न्हाई. काय समजायचं?"

"मेला समजायचं."

"न्हाई ना आज्जी! तिथंच तर सगळे फसतात. निरोप पोचलाच नसंल. न्हाई तर पोचला आसंल, काम बी झालं आसंल, पण येतानाचं उत्तर वाटंत हरवलं. न्हाई तर तो अजून काम करूनच राह्यला आसंल. इथं बसून कळत न्हाई."

"मंग काय, हातावर हात देऊन बसायचं?"

"काही वेळ वाट बघायची. मंग परत धाडायचा. पण काम आधीच असं बांधायचं, की दोनदा पोचला तरी एकदाच झाल्यावाणी."

यावर मी तिला विचारलं, कपाशीचं संकरित बी करताना नराचं फूल मादीला दोनदा घासलं तर काय होतं? काही होत नाही. पण कळी दोनदा सोलायला गेलं तर? मधली काडी मोडते आणि बोंड जातं. म्हणून घासणाऱ्या बाईला शंका आली तर तिनं परत घासावं, खुशाल. सोलणारीला शंका आली तर तिनं हात लावू नये, मला बोलवावं. पोरगी पेन्सिल दातात धरून माझ्याकडं बघतच राहिली. "आज्जी, हे तुला कुणी शिकिवलं?" कुणी शिकवलं, दादा? सांगा की. आता तुम्हाला विचारलंय, आता बोला.

एक्क्याऐंशीचा पावसाळा असेल. तुम्ही कपाशीच्या संकरित बियाण्याचा प्लॉट घेतला होता. सगळा जालना तेव्हा बियाण्याच्या मागं लागला होता, तुम्हीही लागलात. मादीच्या ओळी वेगळ्या, नराच्या वेगळ्या. दुपारी तीननंतर बायका उद्या उमलणारी कळी हुडकतात, अंगठ्याचं नख तिच्या बुडाशी रुतवून गोल फिरवतात, पाकळ्या आणि आतले पिवळे केसर सगळे एका झटक्यात सोलून काढतात. मधली काडी तेवढी उभी राहायला पाहिजे. तिच्यावर लाल कागदाची टोपी. दुसऱ्या दिवशी सकाळी दव सुकलं की लाल टोपी काढायची, नराचं फूल त्या काडीला घासायचं आणि पांढरी टोपी घालायची. लाल म्हणजे अर्धं झालंय, पांढरी म्हणजे पुरं झालं. सोपं आहे. पण दुपारच्या बायका आपल्या गावच्या आणि सकाळच्या पलीकडच्या वस्तीवरच्या, कारण आपल्या गावच्यांना सकाळी घरचं सोडून येणं जमत नव्हतं. दोघींची तोंडभेट नाही. एकीनं काय करून ठेवलंय ते दुसरीला सांगणारं रानात कुणी नाही, फक्त तो कागद. म्हणून मी ठरवून दिलं होतं, की जिनं काम केलं टोपी तिनंच घालायची, दुसरीनं घातलेली चालणार नाही. काम व्हायच्या आधी टोपी घालायची नाही, मग ती हातात असली तरी. आणि लाल कागद संपले की सोलणं बंद. उन्हं कितीही उरली असोत, बंद. राहिलेल्या कळ्या तोडून बांधावर फेकायच्या, कारण न सोललेली कळी रानात राहिली तर तिचं बी भेसळीचं. बायकांचा जीव तुटायचा. एक जण म्हणायची, "मास्तरीणबाई, कागद संपला तर माझ्या लुगड्याचा पदर फाडून देते, पण चांगली कळी तोडाय लावू नका." मी म्हणायचे, "तुझं लुगडं हिरवं हाय, सकाळच्या बायका त्याला पानं समजतील." त्या हसायच्या आणि तोडायच्या. कोणत्या ओळीला कोण होतं, कुठली ओळ अर्धी राहिली, ते मी वहीत लिहायचे. चौथीपर्यंतचं लिहिणं तेवढ्याला पुरून उरायचं.

त्या दिवशी कंपनीचा साहेब आला. ओळीत फिरला, टोप्या उचलून बघितल्या, एकदा खाली वाकून, एकदा चष्मा काढून. मग बायकांना विचारलं, "हे असं कुणी बसवलं?" सगळ्या बायकांनी माझ्याकडं बोटं केली. साहेब म्हणाला, जालन्याला पंधरा दिवसांचं शिक्षण आहे, शेवटी लेखी परीक्षा आहे, पास झालं की सर्टिफिकेट आणि चार गावच्या प्लॉटवर देखरेखीची नोकरी. आम्हाला अशीच माणसं पाहिजेत. आणि मग त्यानं ते विचारलं, आणि तुम्ही ते बोललात. साहेबानं माझ्या काखेतल्या वहीकडं पाहिलं. मी तुमच्याकडं पाहिलं. मी गप्प बसले. ते माझं चुकलं, पण तुमच्या घरात चारचौघांत बापाला खोटं पाडणं काय असतं ते मला चौथीतून काढलंत तेव्हाच कळलं होतं. गुरुजी दारात आले होते, पोरगी हुशार आहे म्हणाले, तुम्ही म्हणालात तिलाच शिकायचं नाही. मी आतून ओरडले, मला शिकायचंय. त्यानंतर गुरुजी जाईपर्यंत तुम्ही हसत होतात. गुरुजी गेल्यावर काय झालं ते तुम्हाला आठवत असेल, माझ्या पाठीला तर आठवतंय. आणि आता तर मी नवरा मेलेली, लेकरू घेऊन वीस वर्षांपासून तुमच्या आसऱ्याला पडलेली. काय बोलणार होते?

त्या संध्याकाळी तुम्ही चुलीपुढं जेवताय आणि मी भाकरी थापतेय. तवा तापलाय, धूर डोळ्यात जातोय, बरं झालं, धुराचं नाव सांगता येतं. मी विचारते, "दादा, खोटं का बोललात?" तुम्ही घास मोडताय. म्हणता, "चार गावं हिंडणार व्हय तू? नवरा मेलेली बाई यष्टीनं हिंडली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. आन कळ्या सोलाय सर्टिफिकेट लागत न्हाई." मी म्हणते, "मंग साहेबाला तसं सांगायचं. लिहाय येत न्हाई कशाला सांगितलं?" तुम्ही म्हणता, "मिरची आण." मी उठते आणि मिरची आणते. मला आजही सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर त्याचा, की मी उठून मिरची आणली.

शिक्षणाला माझा भाऊ गेला. तो वाईट नव्हता, त्याला फक्त रानात करमत नसे. पंधरा दिवसांनी सर्टिफिकेट घेऊन आला, तुम्ही ते देवांच्या शेजारी टांगलंत आणि मला सांगितलंत, "आता तो बघंल. तू घरी राहा, मधी लुडबुडू नको." मी घरी राहिले. चौथ्या-पाचव्या दिवशी लाल कागद कमी पडले. पावसानं रस्ता बंद, जालन्याहून येणार कधी? भावानं डोकं चालवलं. म्हणाला, थांबायचं कशाला? पांढऱ्या टोप्या ढिगानं पडल्यात, त्या घाला. टोपीचं काम झाकायचं, रंगानं काय होतंय? ती हिरव्या लुगड्याची बाई घरी जाताना आपल्या दारात थांबली. "मास्तरीणबाई, आज पांढऱ्या घालाय लावल्यात. बराबर हाय का हे?" तुम्ही बाजेवर बसला होतात. मी तुम्हाला सांगितलं, सकाळच्या बायकांना पांढरी दिसली की त्या पुढं जातील, काम झालंय समजून. आत्ताच्या आत्ता वस्तीवर निरोप धाडा. तुम्ही म्हणालात, "सर्टिफिकेट कुणाकडं हाय? तुझ्याकडं का त्याच्याकडं?"

सकाळी वस्तीवरच्या बायका आल्या. रानभर पांढऱ्या टोप्या. म्हणाल्या, आज तर कामच नाही, कुणी तरी करून गेलेलं दिसतंय. उन्हं चढायच्या आत घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. भाऊ खूश, काम इतकं जल्दी होतंय म्हणून. मग त्या टोप्यांखालच्या काड्या वाळल्या आणि टोप्यांसकट गळून पडायला लागल्या. ओळीच्या ओळी. साहेब आला, त्यानं खाली पडलेल्या टोप्या हातात घेऊन बघितल्या. बोलून उपयोग नाही असं तोंड केलं आणि पुढच्या वर्षी प्लॉट मिळणार नाही एवढं सांगून गेला. तेव्हा तुम्ही अंगणात सगळ्यांपुढं माझ्याकडं बोट केलंत. "हिची काळी जीभ लागली." हे मी कसं विसरावं, तुम्हीच सांगा. मी सांगितलं ते खरं झालं, त्याची शिक्षाही मलाच.

पुढच्या आठवड्यात तुम्ही बाजारातून माझ्यासाठी छत्री आणलीत. काळी, लाकडी मुठीची, पुरुषांची. मी बसले होते तिथं भिंतीला टेकवून ठेवलीत आणि गोठ्यात निघून गेलात. मला कळलं होतं ती कशाची आहे. माफीच्या जागी छत्री. पण गावातली कोणती बाई तेव्हा छत्री घेऊन रानात जायची? सगळ्या हसल्या असत्या. चार दिवस ती तिथंच राहिली, मग मी ती भावाला देऊन टाकली. तुम्ही पाहिलंत. मरतानासुद्धा पाणी त्याच्याच हातचं मागितलंत. तो औरंगाबादला होता, म्हणून पाजलं मी. तुम्ही डोळे उघडून बघितलंही नाहीत कुणाचा हात आहे ते.

आता रविवारचं. खरं तर तेवढ्यासाठीच लिहायला बसले होते, बाकीचं वाटेत आडवं आलं. रविवारी लेक आणि सून वाटूरला लग्नाला गेली होती. पोरगी मैत्रिणीकडून पुस्तक आणायला जालन्याला गेली होती. घरात मी एकटी. फोन वाजला. जालन्याच्या क्लासमधला मुलगा होता, जिथून तिनं परीक्षेचा फॉर्म भरलाय. "आजी, ताई हायत का? न्हाईत? मंग एवढं सांगा त्यांना. तारीख बदललीय. शुक्रवारची परीक्षा बुधवारी आली. सकाळी अकराला, औरंगाबादच्या सेंटरवर. न्हाई गेल्या तर बारी गेली, परत लवकर नंबर लागायचा न्हाई." मी हो हो म्हटलं. तो म्हणाला, "लिहून घेता का आजी? वार, वेळ?" फोनशेजारी कागद होता. पेन होतं. मी म्हणाले, "मला लिहिता येत न्हाई."

माझ्या तोंडून ते इतकं सहज गेलं, दादा, की मी स्वतःच फोनकडं बघत राहिले. तो बिचारा म्हणाला, "मंग ध्यानात ठेवा. बुधवार. का संध्याकाळी परत फोन करू?" मी म्हणाले, "नको. मी सांगते." ध्यानात तर असं राहिलंय की दोन दिवस दुसरं काही डोक्यात नाही. आणि सांगितलं मात्र नाही. रविवारी ती आली, पुस्तक मिळालं म्हणून नाचत आली, तेव्हा नाही. काल दिवसभर नाही. आज सकाळपासून नाही.

काल दुपारी ती परत माझ्यापुढं येऊन बसली. यादीतली पुढची ओळ होती निरोपांची रांग. मला सांगायला लागली, "बघ आज्जी, पलीकडचा कॉम्प्युटर बंद पडलेला असला तरी निरोप वाया जात न्हाई. मधी एक जण असतो. तो निरोप आपल्याकडं धरून ठेवतो. पलीकडचा उठला की त्याच्या हातात देतो. धाडणारा निवांत, आपल्या कामाला मोकळा."

"आन मधल्यानंच दाबला तर?"

"म्हंजे?"

"म्हंजे घेतो म्हणला, घेतला, आन दिलाच न्हाई."

तिनं पेन्सिल गालाला लावून विचार केला. माझ्याकडं बघत होती, पण बघत नव्हती, अभ्यास करताना बघतात तसं. "मधला बंद पडला तर काय करायचं ते हाय पुस्तकात. पण खोटा निघाला तर? ते न्हाई गं. मधल्यावर भरवसा धरूनच सगळं बांधलेलं असतंय. तोच हरामी निघाला तर कुणाला कळणार? धाडणाऱ्याला वाटतं पोचला. घेणाऱ्याला वाटतं आलाच न्हाई. दोघं बी आपापल्या जागी बराबर." मग हसली. "लई भारी सवाल काढला तू. परीक्षेत आला तर तुझं नाव लिहीन." तिनं त्या ओळीवर रेघ मारली आणि माझ्या डोळ्यात औषधाचे थेंब घातले. चहा टाकला, साखर जास्त घालून, कारण सून घालू देत नाही.

का दाबला निरोप, ते मी दोन दिवस स्वतःला वेगवेगळं सांगून पाहिलं. लेकाला जे पाहिजे तेच होऊ दे, घरात तंटा नको. पोरगी पुण्याला गेली तर तिथं कोण आहे तिचं. ती गेली की माझं ऐकून घेणारं, माझ्याशी वाद घालणारं या घरात कुणी राहणार नाही. यातलं शेवटचं थोडं खरं आहे. पण तुम्हाला खोटं सांगून मला काय मिळणार आहे? मला बघवलं नाही. मी जे बांधावर गमावलं ते हिला भिंतीवर यादी लावून, पंख्याखाली बसून, घरच्या फोनवर तारीख ऐकून मिळणार. मला हेवा वाटला. स्वतःच्या नातीचा. टायरच्या दुकानात बसलेली बघायला मी तयार झाले, पण माझ्या पुढं गेलेली बघायला नाही. त्या क्षणी तरी नाही.

आणि मग तुमचं आठवलं. कंपनीच्या कागदांवर अंगठा तुमचा असायचा, दादा. माझा कधीच नव्हता. साहेबानं मला विचारलं तेव्हा तो अंगठा तुम्ही तंबाखूत घालून मळत होतात. हे मला तेव्हा दिसलं नव्हतं, परवा फोन ठेवल्यावर दिसलं. पण दिसलं म्हणजे माफ केलं असं समजू नका. त्यानंतर मरेपर्यंत तुम्हाला सहा वर्षं मिळाली होती तोंड उघडायला. तुम्ही छत्री आणलीत.

माझ्याकडं सहा वर्षं नाहीत. साडेतीन वाजून गेलेत. सकाळच्या गाडीनं निघाली तर ती अकराच्या आत औरंगाबादला पोचते. भिंतीवरच्या यादीत अजून चार ओळी रेघेवाचून आहेत. शुक्रवारपर्यंत आरामात झाल्या असत्या. उद्यापर्यंत होतील का, मला सांगता येत नाही. ते दोन दिवस मी खाल्ले. ती नापास झाली तर त्यात माझा वाटा धरावा लागेल, पास झाली तर नाही. मी तिला विसरले म्हणून सांगू शकते. लगेच पटेल, म्हातारीला कोण काय बोलतं? पण तसं सांगणार नाही. फोन आला होता, मला लिहिता येत होतं, मी लिहून घेतलं नाही आणि मुद्दाम सांगितलं नाही, असंच सांगणार. ती बोलायची बंद होईल. होऊ दे. आधी तिनं त्या चार ओळी उरकाव्यात, भांडायला परवा पण मी इथंच आहे.

हे कागद कुठं धाडायचे नाहीत. तुमचा पत्ता नाही आणि असता तरी उत्तर आलं असतं असं मला वाटत नाही. उशीच्या खोळीत घालते आणि उठते. आणि आजपासूनचं एक, तुम्हीही ऐका, लेकाला मी तोंडावर सांगणार आहे: या घरात फोन वाजला की तो पोरीनं उचलायचा. तिच्या बापानं नाही, आईनं नाही, मी तर मुळीच नाही. ती घरात नसली तर वाजू द्यायचा.